गोव्यातलं लग्न आणि त्याचे फोटो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोंडा तालुक्यात राहून मी लग्नांचे आणि घरच्या माणसांचे फोटो काढते. मुहूर्त ठरला की घरोघरून साधारण तेच प्रश्न येतात, आणि फोनवर घाईत दिलेलं उत्तर पुढे कुणाच्या लक्षात राहत नाही. म्हणून इथे सविस्तर लिहिलं आहे. लग्नाच्या फोटोंत मी जागेपेक्षा माणसांना आणि सजावटीपेक्षा वेळेला जास्त महत्त्व देते. पुढची बहुतेक उत्तरं त्याच विचारातून आली आहेत. कुठे पटलं नाही तर भेटून बोलू.

फोटोग्राफर कधी ठरवायचा?

हॉल किंवा देवस्थानचं सभागृह ठरलं की लगेच. तुळशीचं लग्न झालं की मुहूर्त सुरू होतात, मध्ये पौषात बरीच घरं लग्न करत नाहीत, आणि मे महिन्यात शाळांना सुट्टी म्हणून पुन्हा गर्दी होते. पंचांगातल्या मोजक्या तारखांवरच सगळ्यांची लग्नं येतात. भटजी, आचारी, माटव म्हणजे मांडव घालणारा आणि फोटोग्राफर, सगळ्यांना त्याच दिवशी बोलावणं असतं. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पर्यटकांमुळे खोल्या, गाड्या आणि रस्ते सगळंच अडतं. त्या आठवड्यातली तारीख टाळता आली तर टाळा.

मुहूर्त धरताना फोटोंचा विचार करावा का?

मुहूर्त पंचांगाने आणि घरातल्या मोठ्यांनीच ठरवावा. फोटोंसाठी तो हलवू नका. पण मुहूर्तामुळे उजेड कसा मिळणार आहे, हे आधी कळलेलं बरं.

आपल्याकडे बरेच मुहूर्त भर दुपारचे असतात. सूर्य डोक्यावर असतो, माटवात आत अंधार आणि बाहेर लख्ख ऊन. अशा वेळी सगळ्यात जास्त फरक पडतो तो माटवाच्या छताच्या कापडाने. लाल, गुलाबी किंवा गडद पिवळं कापड असेल तर त्यातून गाळून आलेला उजेड चेहऱ्यांवर पसरतो, आणि नवरीचा शालू, हळद, कुंकू सगळ्यांना एकच छटा येते. नंतर संगणकावर ती पूर्णपणे काढता येत नाही. छताला आतून पांढरं किंवा मलईरंगी कापड लावायला सांगा. रंग हवाच असेल तर तो झालरीत आणि खांबांवर येऊ दे. फुलांवर मोठा खर्च होतो, पण या एका कापडाने फोटो जितके सुधारतात तितके फुलांनी सुधारत नाहीत.

गोरज मुहूर्त असेल तर सूर्यास्ताची वेळ बघा. पणजीत नोव्हेंबरच्या अखेरीस सूर्य ६ च्या सुमारास मावळतो, फेब्रुवारीच्या अखेरीस पावणेसातच्या आसपास, मे महिन्यात जवळजवळ ७ वाजता. नोव्हेंबरात साडेसहाचा मुहूर्त म्हणजे सगळे विधी दिव्यांच्या उजेडात होणार. मग नवराबायकोचे दिवसाउजेडीचे फोटो कधी काढायचे, ते आधी ठरवायला हवं.

दिवसाचं वेळापत्रक कसं आखावं?

मुहूर्तापासून मागे मोजत या. मुहूर्त १२ वाजून २० मिनिटांचा असेल तर पुण्याहवाचन, देवक, गौरीहर यांच्या वेळा भटजींकडून लिहून घ्या, आणि नवरी तयार व्हायची वेळ त्या सगळ्याच्या अर्धा तास आधी धरा. केस आणि मेकअप ठरल्यापेक्षा लांबतातच. हा वेळ आधीच राखून ठेवला नाही तर तो नेमका आईवडिलांबरोबरच्या फोटोंतून जातो, कारण दिवसभरात दुसरी कुठली गोष्ट थांबायला तयार नसते.

ग्रुप फोटोंना एका ग्रुपमागे ३ मिनिटं धरा. २० ग्रुप म्हणजे तासभर. या तासात एकीकडे पंगत बसलेली असते, मुलं भुकेली असतात, आणि वडीलधारी मंडळी स्टेजच्या पायऱ्या चढून दमलेली असतात. म्हणून मी जवळच्या घरच्यांचे फोटो मुहूर्ताआधी काढायचा आग्रह धरते. नवरीच्या घरचे नवरीबरोबर, नवऱ्याच्या घरचे नवऱ्याबरोबर. मुहूर्तानंतर फक्त दोन्ही घरं एकत्र असलेले मोजके फोटो उरतात.

एका घरातला मोठा भाऊ तारवटी होता. जहाजावरून सुट्टी मिळून तो हळदीच्या रात्री पोचला आणि लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी परत निघणार होता. एक बहीण आखातातून आलेली, काका लंडनहून. त्या घरातले सगळे एका छताखाली किती वर्षांनी आले होते, यावर त्यांच्यातच एकमत होईना. लग्नाच्या सकाळी साडेसातला, कुणीही पूर्ण नटायच्या आधी, आम्ही सगळ्यांना घराच्या पायऱ्यांवर बसवलं. कुणाचे केस ओले, कुणाच्या हातात चहाचा कप, वडील अजून बनियनवर. आईने त्यांना शर्ट घालायला आत पिटाळलं आणि तेवढ्यात सगळे हसले. त्या घरच्या दिवाणखान्यात आज मोठा करून लावलेला फोटो तोच आहे. गोव्यातली अर्धी घरं अशी जगभर विखुरलेली आहेत. लग्नाच्या निमित्ताने सगळे एकत्र येणार असतील तर त्या फोटोसाठी वेगळी वेळ ठरवा, आणि ती सकाळची ठरवा.

ग्रुप फोटोंची यादी द्यायची का?

द्या, आणि छोटी द्या. नावांऐवजी नाती लिहिली तरी चालतं, पण दोन्ही बाजूंची माणसं ओळखणारी एकेक व्यक्ती आमच्याबरोबर हवी. मामा, मावशी, आत्या यांना हाक मारून आणायचं काम फोटोग्राफर करू शकत नाही. हे काम करवलीला देऊ नका, तिला तिची कामं असतात. एखादा चुलतभाऊ किंवा वहिनी उत्तम. घरात नुकतंच कुणी गेलं असेल, कुणाचं कुणाशी बोलणं बंद असेल, कुणाला शेजारी उभं करायचं नसेल, तेही आधी कानावर घाला. ते आमच्याकडेच राहतं.

मुहूर्ताच्या वेळी दोन फोटोग्राफर खरंच लागतात का?

हो. अंतरपाटाच्या एका बाजूला नवरी, दुसऱ्या बाजूला नवरा. मंगलाष्टकं संपून अंतरपाट बाजूला होतो त्या क्षणी दोन्ही चेहरे हवे असतात, आणि एका माणसाला दोन्हीकडे उभं राहता येत नाही. तिसरा, शक्य असेल तर, आईवडिलांवर नजर ठेवणारा. मंगलाष्टकांच्या शेवटच्या कडव्याला मुलीच्या वडिलांचा चेहरा कसा होतो, हे त्यांनाही पुढे फोटोतच दिसतं.

भटजींना आम्ही आधी जाऊन भेटतो. होमाच्या कुठल्या बाजूला बसलेलं चालेल, कुठल्या बाजूने जाऊ नये, हे विचारून घेतो. धुराच्या मागून उजेड येत असेल तर तो फोटोत फार सुंदर दिसतो, समोरून फ्लॅश टाकला तर नुसता पांढरा पडदा होतो. म्हणून खिडकी किंवा दरवाजा कुठे आहे ते पाहून होमाची जागा ठरवता आली तर बघा. भटजी बहुतेक वेळा ऐकतात, मात्र दिशेचा प्रश्न असेल तिथे त्यांचंच ऐकायचं.

झालेला विधी मी पुन्हा करायला लावत नाही. मंगळसूत्र पुन्हा बांधून दाखवा, लाह्या पुन्हा टाका, असं सांगणारे फोटोग्राफर असतात. सप्तपदी ही एकदाच चालायची गोष्ट आहे. तिथे फोटोग्राफरने तयार असावं.

पाहुण्यांचे मोबाइल आडवे येतात. काय करावं?

अक्षता वाटायच्या वेळी घरच्या एखाद्या वडीलधाऱ्याने दोन वाक्यं सांगितली की पुरतं: मुहूर्ताला मंडपाच्या चौकटीच्या आत कुणी मोबाइल घेऊन येऊ नये, फोटो सगळ्यांना मिळतील. घरच्या माणसाने सांगितलं की लोक ऐकतात.

आमचं लग्न देवळाच्या सभागृहात आहे. तिथे काय काय लक्षात ठेवायचं?

फोंडा तालुक्यातली बरीच मोठी देवस्थानं मुळात इथली नव्हेत. मंगेशाचं लिंग १५६० साली कुठ्ठाळीहून प्रियोळला आणलं गेलं, म्हाळसा वेर्ण्याहून मार्दोळला आली, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला. म्हणून सासष्टी आणि तिसवाडीतल्या कितीतरी घरांचं कुलदैवत फोंड्यात आहे, आणि लग्नही तिथेच व्हावं अशी त्यांची इच्छा असते. सभागृह, अग्रशाळेतल्या म्हणजे देवस्थानच्या धर्मशाळेतल्या खोल्या, शाकाहारी जेवण, सगळं एका आवारात होतं. वयस्कर माणसांना फार सोयीचं.

फोटोंचे नियम प्रत्येक देवस्थानचे वेगळे आहेत. गाभाऱ्यात आणि बहुधा चौकातही कॅमेरा नेत नाहीत. तळी, दीपस्तंभ, प्राकार इथे परवानगीने काढू देतात. नवं जोडपं देवदर्शनाला आत जातं तेव्हा आम्ही बाहेर थांबतो आणि ते बाहेर येतानाचे फोटो घेतो. प्रसाद पाकळी लावून कौल घेतात, म्हणजे मूर्तीवर पाकळ्या लावून देवाची संमती विचारतात, त्या वेळीही कॅमेरा बंद. काही देवस्थानांनी प्री-वेडिंग शूटला साफ मनाई केली आहे, आणि मला ते योग्य वाटतं. सभागृहाची पावती करतानाच देवस्थान समितीला कॅमेरा आणि व्हिडिओबद्दल विचारून घ्या. जमलं तर लेखी घ्या, कारण लग्नाच्या दिवशी दारावर वेगळा माणूस असतो.

आणि पाऊस आला तर?

मोसमी पाऊस गोव्यात जूनच्या पहिल्या आठवड्याच्या आसपास पोचतो, पण मेच्या मध्यापासून वळीव कुठल्याही संध्याकाळी येऊ शकतो. ऑक्टोबरातही गडगडाटासह सरी पडतात. या दिवसांतलं लग्न असेल तर माटवावर पाणी साचणार नाही असा उतार हवा, वायरी जमिनीवर नकोत, आणि जनरेटर किंवा इन्व्हर्टर आधीच चालवून पाहिलेला हवा.

मेच्या अखेरीस मडकईत एका घरी लग्न होतं. मुहूर्त लागला, पंगतीची दुसरी पानं मांडली आणि आभाळ फाटलं. वीज गेली. माटवातली माणसं ओसरीवर, सोप्यावर, मिळेल तिथे शिरली, आणि पोरांनी पानं उचलून आत नेली. घर जुनं, मधोमध राजांगण, म्हणजे वरून उघडा चौक. चारही बाजूंच्या पागोळ्या राजांगणात कोसळत होत्या आणि वरून येणारा ढगाळ उजेड इतका मऊ होता की मला कुठलाच दिवा लावावा लागला नाही. नवरी खांबाला टेकून बसली, नवऱ्याने हात पुढे करून पावसाचं पाणी ओंजळीत घेतलं, आणि तेवढ्यात घरातल्या बायकांनी ओव्या म्हणायला घेतल्या. संध्याकाळी समुद्रावर जायचा बेत होता, तो कुणाला आठवलाही नाही. घर जुनं असेल तर त्यातल्या अशा जागा आम्हाला आधी दाखवून ठेवा.

चुडा भरताना फोटोग्राफर हवा का?

हवाच. बहुतेक लोक हळदीला बोलावतात आणि चुड्याला विसरतात. कासार घरी येतो, नवरीचा हात दाबून दाबून हिरवा चुडा भरतो, मामा शेजारी उभा असतो, आणि खोलीत फक्त जवळच्या बायका. दिवसभरात तिच्या हातांकडे सगळ्यांचं लक्ष असतं अशी वेळ ही एकच. खिडकीजवळ बसवा, ट्यूबलाइट बंद करा. एवढंच.

प्री-वेडिंग शूट कुठे करावं?

पणजीतल्या फोंतांय्नशच्या गल्ल्या, पर्रा गावातला माडांचा रस्ता, किल्ले आणि समुद्र. सगळे हेच विचारतात, म्हणून एकेक घेते.

फोंतांय्नशमध्ये लोक राहतात. रंगीत भिंतीमागे कुणाचं आजारपण असतं, कुणाचं बाळ झोपलेलं असतं. रहिवाशांनी तिथल्या फोटो काढणाऱ्यांच्या गर्दीबद्दल पुन्हा पुन्हा तक्रारी केल्या आहेत, दारांवर पाट्या लावल्या आहेत. मी तिथे शूट घेत नाही. पर्र्याच्या रस्त्यावरून गाड्या जातात, मधोमध उभं राहून फोटो काढणं धोक्याचं आहे. जुन्या गोव्यातली चर्चे १९८६ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. ती आणि तांबडी सुर्लाचं कदंबकालीन महादेवाचं देऊळ, अशा संरक्षित वास्तूंत लग्नाच्या जोडप्याचं शूट करायचं तर पुरातत्त्व खात्याची रीतसर परवानगी लागते. शिवाय ही प्रार्थनेची ठिकाणं आहेत.

समुद्रावर जायचं असेल तर सकाळी जा. गोव्याचा किनारा पश्चिमेला तोंड करून आहे. सूर्य मागच्या माडांतून वर येतो, त्यामुळे सूर्योदयानंतर काही वेळ वाळूवर सावली असते. चेहऱ्यावर उजेड सारखा पडतो, आणि माणसं जवळजवळ नसतात. संध्याकाळी रंग जास्त मिळतात, पण गर्दीही मिळते. ओहोटीची वेळ नक्की बघा. ओहोटीला ओल्या वाळूत आभाळाचं प्रतिबिंब पडतं, आणि भरतीला काही किनाऱ्यांवर उभं राहायलाही जागा उरत नाही. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे जाते, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असतं. म्हणजे शूटची तारीख ठरवतानाच तिथी पाहिली तर निम्मं काम होतं. मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग इथे हिवाळ्यात सागरी कासवं अंडी घालायला येतात. तिथे काळोख पडल्यावर दिवे, फ्लॅश, धूर, काहीही नको.

पण मला विचाराल तर तुमच्या गावात चला. खाजन शेतीचा म्हणजे खाडीकाठच्या शेतांचा बांध, मानशीवरचं म्हणजे बांधातल्या दरवाजावरचं पाणी, दिवाडीला जाणारी फेरीबोट, मामाच्या घरामागचं कुळागर म्हणजे बागायत. पोफळींच्या कुळागरात उन्हाचे कवडसे चेहऱ्यावर ठिपके पाडतात, म्हणून तिथे ढगाळ सकाळ किंवा ऊन वर यायच्या आधीची वेळ धरायची. सावईवेऱ्याच्या बाजूच्या एका मुलीने हट्टाने आपल्या आजोबांच्या कुळागरातच शूट केलं. आजोबा पाटाचं पाणी सोडत होते, ते मध्येच येऊन होणाऱ्या जावयाला पोफळीचे प्रकार समजावू लागले आणि आम्ही अर्धा तास तेच काढत राहिलो. त्या फोटोंत कुणीही कॅमेऱ्याकडे बघत नाही, आणि मला ते त्या शूटमधले सगळ्यात चांगले फोटो वाटतात.

ड्रोन मिळेल का?

कुठे लग्न आहे त्यावर अवलंबून. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार नकाशावर हिरवा, पिवळा, लाल असे विभाग आहेत. दाबोळीला नौदलाचा तळ आणि विमानतळ, मोप्याला दुसरा विमानतळ, त्यामुळे गोव्याचा मोठा भाग लाल किंवा पिवळ्यात येतो. हिरव्या विभागातही १२० मीटरपेक्षा उंच उडवता येत नाही. आम्ही जागा कळली की डिजिटल स्काय हा सरकारी ड्रोन नकाशा पाहून हो किंवा नाही सांगतो. नाही म्हटलं तर आग्रह नको. मंगलाष्टकांच्या वेळी तर हिरव्या विभागातही मी ड्रोन उडवू देत नाही, त्या घरघरीत मंत्र ऐकू येत नाहीत.

हॉलच्या दिव्यांबद्दल डेकोरेटरला काय सांगू?

मुहूर्त आणि विधी चालू असताना मंडपावर एकच उबदार पांढरा रंग ठेवायला सांगा. जांभळे, निळे एलईडी रिसेप्शनला लावा. स्वस्त एलईडी डोळ्यांना स्थिर दिसले तरी विजेच्या लहरीबरोबर लुकलुकतात आणि व्हिडिओत आडवे पट्टे उमटतात. आदल्या संध्याकाळी पाच मिनिटं दिवे लावून दाखवले तर आम्ही कॅमेरा त्याप्रमाणे लावून घेतो. तसंच, नवरी हॉटेलच्या एसी खोलीत तयार होत असेल तर निघण्याआधी आम्ही थोडा वेळ बाहेर जाऊन थांबतो. दमट हवेत येताच लेन्सवर बाष्प धरतं आणि ते जायला वेळ लागतो.

कपडे, दागिने, फुलं?

शालूच्या रंगाबद्दल मी काही सांगत नाही. फुलांबद्दल सांगते: अबोली आणि जाई ताजी असतील तर दुसरं काही नको. फेब्रुवारी-मार्चचं लग्न असेल आणि सुरंगीचे वळेसर म्हणजे गजरे मिळाले तर जरूर घ्या. नवऱ्याने नवे बूट आठवडाभर आधी घालून बघावेत.

आजी-आजोबांचे फोटो वेगळे काढता का?

हो, आणि याचे मी वेगळे पैसे घेत नाही.

रिसेप्शनच्या स्टेजवर आजीला चढवू नका. तिथे ती दमलेली, दिव्यांनी दिपलेली, आवाजाने भांबावलेली असते. सकाळी नऊ-साडेनऊला, न्याहारी झाल्यावर, तिच्या नेहमीच्या जागी फोटो काढायचा. जुन्या घरात शिंपल्यांच्या तावदानांची खिडकी अजून असेल तर तिच्याइतका चांगला उजेड कुठल्याही स्टुडिओत मिळत नाही. शिंपल्यातून आलेला प्रकाश सुरकुत्यांवर कठोर सावली पाडत नाही. तशी खिडकी नसेल तर ओसरी किंवा बाल्कांव (दारापुढची बसायची पडवी), सूर्याकडे पाठ नको, थेट ऊनही नको. पडवीच्या आत दोन पावलं.

वयस्कर माणसं कॅमेऱ्यासमोर आवळून बसतात. त्यांना हसा म्हणायचं नाही, काहीतरी विचारायचं. एक आजी फोटोला तयारच होईना. म्हातारपणी फोटो कशाला, म्हणाली. मी कॅमेरा बाजूला ठेवून तिला तिच्या लग्नाबद्दल विचारलं. तिच्या लग्नाचा एकही फोटो नव्हता. कारवारहून आलेली तिची धाकटी बहीण शेजारी येऊन बसली आणि दोघींचा वाद सुरू झाला, वरात होडीतून आली की बैलगाडीतून. बहीण म्हणे होडीतून, आजी म्हणे होडी तुझ्या लग्नाला. मी कॅमेरा कधी उचलला ते दोघींनाही कळलं नाही. नातीने पुढे अल्बमच्या पहिल्या पानावर हा फोटो लावला, स्वतःच्या फोटोच्या आधी.

चष्म्यावर दिव्याची चमक दिसत असेल तर चष्मा काढू नका, त्या चेहऱ्याची ओळखच चष्म्याने असते. मान किंचित खाली केली की चमक जाते. खुर्चीच्या मागे औषधांच्या डब्या, कॅलेंडर, टीव्ही असेल तर असू द्या. मी ते हलवायला सांगत नाही. नऊवारी नेसणारी आजी असेल तर नऊवारीतच बसू दे, लग्नासाठी आणलेली नवी पाचवारी तिला परकी वाटते.

मला कॅमेऱ्यासमोर अवघडायला होतं.

बहुतेकांना होतं. लग्नाआधी एकदा तासभर भेटू, चहा पिऊ, थोडे फोटो काढू. हाताचं काय करायचं हा खरा प्रश्न असतो. हाताला काम द्या: पदर, गजरा, पेला, दुसऱ्याचा हात.

स्थळासाठी फोटो काढून देता का?

देते. साधे कपडे, दिवसाचा उजेड, एक चेहरा आणि एक पूर्ण उभा. रंग उजळ करून मागतात, तो मी करत नाही. समोरचा माणूस शेवटी प्रत्यक्ष भेटणारच आहे, आणि सावळ्या रंगात दुरुस्त करण्यासारखं काही नसतं.

रजिस्टर लग्नाचे फोटो वेगळे काढायचे का?

गोव्यात पोर्तुगीज काळापासून चालत आलेला नागरी कायदा आहे. सिव्हिल रजिस्ट्रारच्या कचेरीत पहिली सही, मग हरकतींसाठी मुदत, मग दुसरी सही. लोक ते कागदोपत्री काम समजून उरकतात. दुसऱ्या सहीला आईवडील, साक्षीदार सगळे येतात. कचेरीची परवानगी असेल तर अर्ध्या तासासाठी बोलवा, नसेल तर बाहेरच्या पायऱ्यांवर काढू. कागदपत्रांबद्दल मात्र कचेरीतच विचारा.

दोघांपैकी एक घर ख्रिस्ती असेल तर?

अशी लग्नं आम्ही आनंदाने घेतो. रोस, म्हणजे नारळाच्या रसाची आंघोळ, आपल्या हळदीसारखीच धमाल असते आणि कॅमेऱ्याला तितकीच घातक, म्हणून आम्ही कव्हर घालून येतो. चुडा तिथेही असतो. चर्चमधल्या विधीच्या वेळी कुठे उभं राहायचं ते पाद्री सांगतात. लेंटच्या म्हणजे उपवासाच्या दिवसांत चर्चमध्ये सहसा लग्नं लावत नाहीत, हे तारीख काढताना बघा.

आम्ही पुण्या-मुंबईहून येऊन गोव्यात लग्न करतोय. काही सूचना?

पाहुण्यांच्या तिकिटांवर दाबोळी आहे की मोपा, ते प्रत्येकाला तपासायला लावा. मोप्याहून काणकोण १०० किलोमीटरच्या आसपास आहे, वऱ्हाड चुकीच्या विमानतळावर उतरलं तर मुहूर्त गाठताना जीव टांगणीला लागतो. रेल्वेने येणाऱ्यांनी लग्न उत्तरेला असेल तर थिवी किंवा करमळी, दक्षिणेला असेल तर मडगाव किंवा काणकोण धरावं. हळद एका किनाऱ्यावर, लग्न दुसऱ्या टोकाला आणि रिसेप्शन तिसरीकडे, असा बेत करू नका. दिवस रस्त्यात जातो आणि फोटोंत दमलेली माणसं दिसतात.

उघड्यावरच्या रिसेप्शनला रात्री १० नंतर लाऊडस्पीकर बंद करावा लागतो, देशभराचा नियम आहे. संगीत, नाच, भाषणं असं सगळं असेल तर ७ ला सुरू करा. साडेआठला सुरू केलं की नाच रंगात येतो तेव्हाच आवाज बंद होतो.

तुमच्या जेवणाचं काय?

पहिल्या पंगतीला आमच्यातल्या एकाला आणि दुसऱ्या पंगतीला दुसऱ्याला बसवा. शेवटच्या पंगतीपर्यंत थांबवलं तर विहिणींची पंगत आणि उखाणे यांच्या वेळी आम्ही उपाशी असतो, आणि तेच फोटो घाईत निघतात.

फोटोंचे हक्क कुणाचे? तुम्ही ते सोशल मीडियावर टाकणार का?

कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १७ प्रमाणे, पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोंचा पहिला मालक पैसे देणारा असतो, वेगळा करार केला नसेल तर. बऱ्याच फोटोग्राफरांच्या करारात हे उलटं लिहिलेलं असतं, म्हणून सही करण्याआधी ते कलम शोधून वाचा. आमच्या करारात मालकी तुमची. आम्ही फोटो कुठे टाकायचा असेल तर तो तुम्हाला पाठवून होकार घेतो. लहान मुलांचे, आणि पाठवणीच्या वेळी रडणाऱ्या माणसांचे फोटो विचारूनसुद्धा टाकत नाही.

अल्बम करायचा की नुसत्या फाइल पुरतात?

अल्बम करा, छोटा करा. करिझ्मा अल्बममध्ये एका पानावर बारा फोटो, मागे गुलाबाची पार्श्वभूमी, चेहऱ्यांना धूसर कडा, हे मी करत नाही. एका पानावर एक किंवा दोन फोटो, मोठे. फोटो निवडायला दोघांनीच बसा. सगळं घर निवडायला बसलं की महिने जातात. आईवडिलांसाठी वेगळा लहान अल्बम केला तर त्यात त्यांच्या पिढीची माणसं जास्त घ्या.

फोटो पुढे कसे जपायचे?

काढतानाच आम्ही दोन कार्डांवर एकाच वेळी साठवतो. तुम्हाला फाइल मिळाल्या की तीन प्रती करा, दोन वेगवेगळ्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या घरी किंवा क्लाउडवर ठेवा. पेन ड्राइव्हवर भरवसा नको. हार्ड डिस्क वर्षातून एकदा लावून बघा. गोव्याच्या पावसाळ्यात कागदाला बुरशी धरते, म्हणून छापील फोटो बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नका, आणि अल्बमच्या पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाकून दर पावसाळ्याआधी बदला. घरात आजी-आजोबांचे जुने काळे-पांढरे फोटो असतील तर तेही घेऊन या. लग्नाच्या फाइलींबरोबर आम्ही स्कॅन करून देतो. मागच्या बाजूला कुणी नावं लिहिली असतील तर ती बाजूसुद्धा स्कॅन करतो, आणि लिहिली नसतील तर नावं सांगणारं माणूस बरोबर आणा.